डाळिंबाच्या सालीची पावडर, टॅनिन आणि कॅन्सर : यात खरंच काही आहे का?

भगवा_सांगोला
नमस्कार मंडळी. धागा जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.
आमची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे, सगळा भगवा वाण. गेल्या बहाराला तडकलेला आणि डागी माल ज्यूसवाल्याला घातला तर तिथं एक व्यापारी भेटला, म्हणला साल फेकू नका, वाळवून द्या, कॅन्सरच्या गोळ्या करणारी कंपनी घेते. मी म्हणलं बरंय, मालाला नाही तर सालीला तरी भाव.
पण खरा घोर वेगळाच लागलाय. माझी मावशी सोलापुरात असते, तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमोत आधी लाल औषधाचे डोस झाले, आता पॅक्लिटॅक्सेल नावाचं औषध चालू आहे. मावसभावाने कुठं तरी वाचलं की डाळिंबाच्या सालीत टॅनिन असतं आणि ते कॅन्सरच्या पेशी मारतं. तेव्हापासून तो तिला रोज सकाळी कोमट पाण्यातून चमचाभर सालीची पावडर आणि रात्री हिरडा देऊलालाय. साल आमच्याच बागेतली, मीच नेऊन दिलेली, मला वाटलं दात घासायला वगैरे पाहिजे असेल. डॉक्टरांना सांगितलेलं नाही कारण "ते ओरडतील".
तर कुणाला यातलं कळतं का? फॉरवर्ड नकोत, ते माझ्याकडे पोतंभर आहेत.

सातरस्ता_सोल्जर
आमच्या गल्लीत एक काका तीच पावडर शुगरला, तीच मूळव्याधीला आणि तीच केस गळतीला देतात बे. कॅन्सरच तेवढा राहिला होता.

रसायनवाली
@भगवा, मी केमिस्ट्री शिकवते, डॉक्टर नाही, त्यामुळे मावशींच्या ट्रीटमेंटबद्दल मी बोलणार नाही. टॅनिनबद्दल बोलू शकते.
मावसभावाने वाचलेलं खोटं नाहीये, गोची तिथंच आहे. टॅनिन म्हणजे झाडांतली तुरट द्रव्यं. कच्चं केळ, सुपारी, हिरडा, जांभूळ, कडक चहा, हे खाल्ल्या-प्यायल्यावर तोंड आवळल्यासारखं होतं ना, ते टॅनिनचं काम. लाळेतल्या प्रोटीनला ते जाऊन चिकटतं आणि प्रोटीनचा गोळा होतो. बाभळीची साल, तरवडाची साल, हिरडा वापरून चामडं कमावतात तेही याच गुणामुळे, कातड्यातल्या प्रोटीनला टॅनिन घट्ट धरून बसतं आणि कातडं कुजत नाही.
ढोबळ दोन घराणी आहेत. एक पाण्यात, आम्लात फुटणारी. डाळिंबाच्या सालीतलं प्युनिकॅलॅजिन यातलंच, आणि हिरड्यातली चेब्युलॅजिक ॲसिड, चेब्युलिनिक ॲसिड ही मंडळी पण. दुसरी साखळीसारखी जुळलेली, सहज न फुटणारी, ती द्राक्षाच्या बियांत, बऱ्याच झाडांच्या सालींत मिळतात.
आता कॅन्सर. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशी वाढवतात, स्तनाच्या, प्रोस्टेटच्या, आतड्याच्या, आणि त्यावर हा अर्क टाकतात. पेशींची वाढ थांबते, काही पेशी स्वतःहून मरायला लागतात, सूज वाढवणारे सिग्नल मंदावतात, नव्या रक्तवाहिन्या फुटायचं कमी होतं. असे पेपर एक-दोन नाहीत, ढीगभर आहेत. उंदरांवरचेही आहेत.

भगवा_सांगोला
मग एवढं सगळं असताना गोळी का नाही निघाली अजून? ढीगभर पेपर म्हणताय.

तिसरा_डोळा
कारण डाळिंबाचं पेटंट घेता येत नाही साहेब. फार्मा कंपन्यांना धंदा पाहिजे, बरा झालेला पेशंट नकोय. साधं गणित आहे, पण इथं कुणी बोलणार नाही.

रसायनवाली
@भगवा, गोळी का नाही याचं उत्तर टॅनिनच्या त्याच चिकट स्वभावात आहे. औषधाने एकच कुलूप शोधून उघडावं अशी अपेक्षा असते. टॅनिन म्हणजे सोलापूर स्टँडवर एसटी लागली की दिसेल त्या खिडकीतून रुमाल टाकणारा माणूस, गाडी पंढरपूरची आहे का अक्कलकोटची याच्याशी त्याला देणंघेणं नाही. बशीत कुठलंही एन्झाइम ठेवा, टॅनिन त्याला धरतं, एन्झाइम बंद पडतं, आणि आपल्याला वाटतं औषध सापडलं.
हे आज कळलेलं नाही. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने हजारो झाडांचे अर्क तपासले तेव्हा साठच्या दशकातच हा घोळ लक्षात आला. उंदरांच्या एका ठरावीक गाठीवर कित्येक अर्क चालताना दिसायचे, आणि शोधत गेलं की आत टॅनिन. मग लोक आधी टॅनिन काढून टाकायला लागले. मन्रो वॉल यांच्या लॅबने १९६९ मध्ये झाडाच्या अर्कातून टॅनिन वेगळं काढायची सोपी रीतच छापली.
आणि या वॉल यांच्या जोडीला कोण होतं माहितीये? मनसुख वाणी. आपल्या नंदुरबारचा माणूस, जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे आयुष्य अमेरिकेत. या दोघांनी झाडांतल्या दोन कॅन्सरविरोधी रेणूंची, १९६६ मध्ये कॅम्पटोथेसिनची आणि १९७१ मध्ये टॅक्सॉलची, रचना जगापुढे मांडली. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल. तुझ्या मावशीच्या सलाईनमध्ये जे जातंय ना, तेच. यू नावाच्या झाडाच्या सालीतून आलेलं.

सातरस्ता_सोल्जर
नंदुरबार? च्यायला, हे आम्हाला शाळेत का नाही शिकवलं.

बार्शी_लाईट
त्यातलं कॅम्पटोथेसिन तर आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात पण भरपूर मिळतं. मूळ ज्या चिनी झाडात सापडलं त्याच्यापेक्षा आपला नरक्याच कच्च्या मालासाठी जास्त तोडला गेला, आंबा-आंबोलीकडे चोरटी तोड व्हायची. टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही दोन्ही कॅन्सरची औषधं त्यावरून केलेली, अमेरिकेत १९९६ मध्ये मंजुरी मिळाली.
@तिसरा_डोळा, झाडाचं औषध होत नाही म्हणता तर सदाफुलीची व्हिनक्रिस्टिन रोज लहान मुलांना ल्युकेमियात देतो आम्ही. यू, नरक्या, सदाफुली. कंपन्यांना झाडाचं वावडं नाही, काम न करणाऱ्या रेणूचं आहे.
मी कॅन्सरच्या औषधांच्या फार्मसीत काम करतो. @भगवा, तुमच्या मावशींबद्दल सविस्तर लिहितो, जेवून येतो.

तिसरा_डोळा
तीन उदाहरणं फेकली की झालं का? डाळिंबावर माणसांवर प्रयोग केलेत कुणी? नाही ना. करणारच नाहीत.

रसायनवाली
केलेत की! आणि पैसा डाळिंबाचा ज्यूस विकणाऱ्या कंपनीनेच लावला. पॉम वंडरफुल, अमेरिकेतली.
२००६ मध्ये लॉस एंजेलिसच्या युसीएलएमधून एक अभ्यास आला. प्रोस्टेट कॅन्सरचे ४६ पुरुष, ऑपरेशन किंवा रेडिएशन झालेलं, पण रक्तातला पीएसए (प्रोस्टेटमधून येणारं प्रोटीन, कॅन्सर परतला तर वाढतं) पुन्हा वाढायला लागलेला. रोज साधारण २४० मिली ज्यूस दिला. पीएसए दुप्पट व्हायला आधी सरासरी १५ महिने लागत होते ते ५४ महिन्यांवर गेलं. जगभर बातम्या. फॉरवर्डमध्ये आजही हाच आकडा फिरतो.
पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, आणि पीएसएचा वेग नुसता पण कमी-जास्त होतो. म्हणून त्याच टीमच्या पुढाकाराने मोठा प्रयोग झाला, १८३ जण, काहींना ज्यूस, काहींना अर्क, काहींना नुसतं तसंच दिसणारं चवीचं पेय. निकाल २०१५ मध्ये आला. गटांमध्ये फरक नाही. खोटं पेय पिणाऱ्यांचाही वेग मंदावलेला.
आणि दाबलं कोणी म्हणाल तर उलटं झालं. ही कंपनी जाहिरातीत तीन कोटी डॉलरच्या वर संशोधन असल्याचं मिरवत होती, प्रोस्टेट कॅन्सर, हृदयविकार सगळं त्यात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये केस टाकली, २०१५ मध्ये अपील कोर्टाने कमिशनच्या बाजूने निकाल दिला. मुद्दा एवढाच की रोगाचा दावा करायचा तर नीट तुलना केलेला माणसांवरचा प्रयोग दाखवा.

तिसरा_डोळा
ज्यूस वेगळा, साल वेगळी. सालीत जास्त असतं.

रसायनवाली
हा मुद्दा मात्र बरोबर आहे, सालीत प्युनिकॅलॅजिन खूपच जास्त. पण ते रक्तात जातच नाही ना जसंच्या तसं. रेणू केवढा, साधारण १०८४ वजनाचा, आतड्याच्या भिंतीतून एवढं धूड सहज शिरत नाही. पोटात-आतड्यात फुटून एलॅजिक ॲसिड होतं, तेही पाण्यात जेमतेम विरघळतं, मोठ्या आतड्यातले जीवाणू त्याचं युरोलिथिन करतात आणि ते युरोलिथिन रक्तात सापडतं. म्हणजे बशीतल्या पेशीवर जे ओतलं ते मावशींच्या गाठीपर्यंत पोचलंच नाही, पोचला त्याचा नातू.
आणि त्यातही गंमत, सगळ्यांच्या आतड्यात ते जीवाणू नसतात. काही लोक युरोलिथिन ए करतात, काही दुसऱ्याच जातीचं, काही अजिबातच करत नाहीत. एकाच ताटात डाळिंब खाल्लेल्या दोन सख्ख्या भावांच्या रक्तात वेगवेगळं सापडू शकतं.
सध्या या युरोलिथिनवरच बरंच काम चालू आहे, मला स्वतःला तिथंच जास्त जीव दिसतो. शिवाय टॅनिनचा चिकटपणा वापरून औषधाच्या सूक्ष्म कणांवर लेप द्यायचा असेही प्रयोग चालतात. पण प्रयोगशाळेतलं काम आहे ते, चमच्याने घ्यायचं नाही.

बार्शी_लाईट
जेवून आलो. आता मावशींचं.
आमच्याकडे पेशंटचे नातेवाईक पिशवीतनं काय काय काढतात, गुळवेल, गोमूत्र अर्क, हळद, आता ही साल. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. हे काही ओळखीचे लोचे:
ओकारी थांबवायला केमोसोबत ऑन्डॅनसेट्रॉन देतात, त्याने मलावरोध होतो. वरून सालीची पावडर, जी मुळात जुलाब बांधायला वापरतात. काय होणार सांगा. बायका तीन-तीन दिवस बाथरूममध्ये रडतात आणि वाटतं केमोमुळे झालं. मग कुणी तरी म्हणतं म्हणून रात्री हिरडा, तो ढकलायला. सकाळी दार लावायचं, रात्री उघडायचं, असा प्रकार झाला हा.
केमोत हिमोग्लोबिन उतरतं. लोहाची गोळी चालू असेल तर टॅनिन ते लोह पोटातच धरून ठेवतं, गोळी वाया. जेवणानंतर लगेच चहा नको म्हणतात तेही यासाठीच.
लिव्हर. पॅक्लिटॅक्सेल लिव्हरमधूनच निघतं, म्हणून डोसाआधी रिपोर्ट बघतात. उद्या एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढला तर डॉक्टर औषधाला धरणार, डोस कमी करणार किंवा पुढे ढकलणार. सालीची पावडर चालू आहे हे त्यांना माहितीच नाही तर ते तरी काय करतील. डोस ढकलला जाणं हे सगळ्यात मोठं नुकसान.
बाकी डाळिंबाचे दाणे खाणं, कधी वाटीभर, त्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही. पांढऱ्या पेशी फार उतरल्या असतील तेव्हा फळं धुऊन सोलून खायची का नाही ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि ओरडत नाहीत हो डॉक्टर. ओरडले तरी चालतंय.

वैद्यबुवा_पंढरपूर
थोडं आमच्या बाजूने. लिव्हर, टॅनिन, जीवाणू हे सगळं मान्य, पण हिरडा म्हणजे टॅनिनची पुडी नव्हे. आमच्याकडे हिरडा कुणाला, कधी, कशासोबत द्यायचा याचे नियम आहेत. कृश झालेल्या, उपासाने थकलेल्या माणसाला हिरडा देऊ नये असं स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि केमो चालू असलेली बाई म्हणजे नेमकी तशीच. डाळिंबाची साल अतिसारात, खोकल्यात, थोडे दिवस. रोज चमचाभर, महिनोन्महिने, आणि तीही मलावरोध असताना, हे कुठल्या वैद्याने सांगितलं? हे आयुर्वेद नाही, हे युट्यूब आहे. आमच्या नावावर खपतं याचं वाईट वाटतं.
फक्त रसायनवाली ताईंना एक विचारतो. एकच रेणू काढून तपासायचा आणि तो चालला नाही की झाडच मोडीत काढायचं, हे कितपत बरोबर? अख्ख्या औषधीचा परिणाम वेगळा असू शकतो.

रसायनवाली
असू शकतो बुवा, नाही म्हणत नाही. म्हणूनच २०१५ च्या त्या प्रयोगात एकटं प्युनिकॅलॅजिन दिलेलं नव्हतं, ज्यूस आणि अर्क दिला होता. त्रिफळ्यावरही तसाच करा, मी टाळ्या वाजवीन. हिरव्या चहाचं तर झालंय, त्याच्या कॅटेचिनच्या अर्काचं मलम २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. बऱ्याच रेणूंचा मिळून अर्क आहे तो, एक रेणू नाही. पण कशासाठी? गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी, वरून लावायला. कॅन्सरसाठी नाही. जिथं लावलं तिथं थेट पोचतं म्हणून चाललं, असं माझं मत.

सातरस्ता_सोल्जर
एक शंका. टॅनिन कॅन्सर मारतं तर सुपारीत पण टॅनिन आहे असं वर लिहिलंय. मग आमचा दोस्त दिवसाला जेवढी सुपारी खातो त्या हिशोबाने तो अमर व्हायला पाहिजे. त्याचं तोंड तर आता दोन बोटं पण उघडत नाही.

बार्शी_लाईट
त्याला आजच्या आज दाखवा. चेष्टा नाही. तोंड उघडत नाही ही कॅन्सरच्या आधीची अवस्था असू शकते. तंबाखूवाल्या पानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९८५ मध्येच कॅन्सरकारक म्हटलं, आणि २००४ मध्ये तंबाखू नसलेली नुसती सुपारीही त्याच पहिल्या गटात टाकली. "मी तंबाखू नाही खात, फक्त सुपारी" याला काही अर्थ नाही.

रसायनवाली
त्यात मुख्य दोष सुपारीतल्या अल्कलॉइडचा आणि त्यापासून होणाऱ्या नायट्रोसामिन या कॅन्सरकारक रसायनांचा. पण टॅनिनही काही साधू नाही. १९२५ मध्ये डेट्रॉइटला डेव्हिडसन नावाच्या सर्जनने भाजलेल्या जखमेवर टॅनिक ॲसिड लावायला सुरुवात केली, जखमेवर कडक खपली धरायची, जगभर फॅशन आली. पुढे लक्षात आलं की जखमेतून ते रक्तात जाऊन लिव्हर खराब होतंय, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंद पडलं. मग एक्स-रेसाठी बेरियमचा एनिमा देताना त्यात टॅनिक ॲसिड घालायचे. लिव्हर निकामी होऊन माणसं दगावली, लहान मुलंसुद्धा, तेव्हा १९६४ मध्ये अमेरिकेत ते थांबवलं. उंदरांना कातडीखाली टोचलं तर लिव्हरला गाठी झालेल्या आहेत. ऑस्ट्रेलियात हिरड्याच्याच कुळातल्या एका झाडाचा पाला खाऊन गुरं मरतात आणि त्यातला एक दोषी म्हणजे, बसा खाली, प्युनिकॅलॅजिन.
घाबरवायला नाही लिहीत. डाळिंब खाऊन, चहा पिऊन असं होत नाही, प्रमाण आणि वाट दोन्ही वेगळी. पण "झाडाचं आहे, अपाय तर नाही ना" हे वाक्य टॅनिनला लागू होत नाही.

भगवा_सांगोला
सगळं वाचलं, दोनदा वाचलं. आता माझं ऐका, मला जे येतं ते सांगतो.
तुम्ही सगळे टॅनिनवर बोललात, सालीवर आम्ही काय मारतो ते कुणीच विचारलं नाही. तेल्यासाठी (डाळिंबावर डाग पाडणारा जीवाणूंचा रोग) मोरचूद-चुन्याचं बोर्डो, कॉपर, पूर्वी स्ट्रेप्टोसायक्लिन हे अँटिबायोटिक पण. फुलकिड्याला एक, फळ पोखरणाऱ्या अळीला एक, बुरशीला दर पावसानंतर एक. एक्स्पोर्टचा माल असला तर काढणीआधी किती दिवस काय मारायचं नाही ते पाळतो, फळात औषध किती उरलंय त्याचा, रेसिड्यूचा, रिपोर्ट काढतो. पण मी जी साल वाळवली ती डागी मालाची. म्हणजे ज्या झाडांवर तेल्या आला म्हणून सगळ्यात जास्त फवारे झाले त्यांची. दाणे खाणाऱ्याला साल लागत नाही म्हणून चालतंय. इथं ती दळून चमच्याने जाऊलालीय.
हे भावाला फोनवर सांगितलं तर गप्पच झाला. टॅनिन-बिनिन ऐकून घेत नव्हता, फवाऱ्याचं पटलं. पावडर बंद केलीय, हिरडा पण. बुधवारी पुढचा डोस आहे, त्याआधी रक्त तपासणार, मी सोबत जाणार आहे, डॉक्टरांना पावडरीचा डबाच दाखवतो.

बार्शी_लाईट
उत्तम. कधीपासून, किती, दिवसातून किती वेळा हे कागदावर लिहून न्या, तिथं आठवत नाही. मलावरोधाचं मावशींनी स्वतः सांगितलं नसेल, तुम्ही विचारा. हाताला पायाला मुंग्या येतात का हेही, ते पॅक्लिटॅक्सेलचं असतं, पावडरीवर ढकलू नका.

वैद्यबुवा_पंढरपूर
आणि दुसरं काही सुरू करायच्या आधी, आमचंसुद्धा, त्या डॉक्टरांना विचारूनच.

तिसरा_डोळा
फवाऱ्याचा मुद्दा मान्य. ऑरगॅनिक साल घेतली तर?

रसायनवाली
मग फवारा जाईल, टॅनिन राहील. वरच्या पोस्टी पुन्हा वाचा.

चाटीगल्ली_कापड
धागा उशिरा बघितला. @भगवा, त्या व्यापाऱ्याला देऊ नका, कुणाच्या तरी पोटातच जाणार ती साल. कापड रंगवायला चालते, डाळिंबाची साल आणि तुरटी, सुती कापडावर पिवळा छान धरतो, लोखंडाचं पाणी वापरलं तर काळपट करडा. टॅनिन सुताला धरून बसतं म्हणून रंग टिकतो. माझ्या ओळखीत नैसर्गिक रंगाचं काम करणारे आहेत. किती किलो आहे आणि नीट वाळलीय का, बुरशी आलेली नको. भाव फार नाही, आधीच सांगतो.

भगवा_सांगोला
तीन पोती असेल. उन्हातच वाळवलीय, गच्चीवर. खाजगीत मेसेज करतो.